कंसातले गाव

विकी चालवणाऱ्या प्रणालीपुढे प्रत्येक ओळीत एकच प्रश्न असतो. यातला कोणता शब्द दुसऱ्या पानाकडे नेईल आणि कोणता जागेवर राहील? प्रणालीला अर्थ कळत नाही. तिला आकार कळतो. उत्तर तिला आकारातच शोधावे लागते.

माणसेही बहुतेक वेळा हेच करतात. फक्त त्यांना वाटते, आपण अर्थ पाहिला.

पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये सुरू केली. दुवा कसा ओळखायचा याचा त्यांचा नियम छोटा होता. दोन शब्द मध्ये जागा न सोडता जोडून लिहायचे, प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठे ठेवायचे. बाकीचे यंत्र पाहील. रोमन लिपीत मोठी आणि छोटी अक्षरे असतात, म्हणून हे जमले. मध्येच वर आलेल्या अक्षरामुळे या लेखनाला उंटाचे नाव पडले.

सोप्या नियमाचा भार अपवादांवर पडतो. या नियमात एका शब्दाचे नाव दुवा होऊ शकत नसे. विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये निघाला तेव्हा तोही याच पद्धतीवर चालत होता. अल्जीरियाचे पान करायचे तर त्या नावाचे शेवटचे अक्षरही मोठे लिहावे लागले. तेव्हा यंत्राने तो देश मानला.

नोंद व्हावी म्हणून नाव थोडे वाकडे करून घेण्याची पद्धत त्याहून पुष्कळ जुनी आहे.

उलट बाजूही होती. मॅकडोनाल्डसारख्या आडनावात मोठे अक्षर मुळातच मध्ये येते. असा माणूस मजकुरात आला की त्याचा दुवा होऊन जाई. त्याने मागितला नसे, लिहिणाऱ्याने दिला नसे. त्याच्याबद्दल पान नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह उमटे. पुढे काही विकींनी सोय केली. शब्दाआधी उद्गारचिन्ह टाकले की यंत्र त्याला साधा शब्द समजते. म्हणजे ज्याला कोणी काही विचारू नये असे वाटते त्याने आधी ओरडायचे.

देवनागरीत मोठे अक्षर नाही. देव, दगड, नदी, नारायण सगळे एकाच शिरोरेषेखाली. आपल्या लिपीत नाव स्वतःहून उठून दिसत नाही. ते नाव आहे हे वाचणाऱ्याला आधी माहीत असावे लागते. यावरून आपल्या समतेचे कोणी कौतुक करू नये. लिपीने जे केले नाही ते इतर सोयींनी पुरे करून घेतले आहे.

दुसरा मार्ग यादीचा. असलेल्या पानांची नावे यंत्राला द्यायची, ती जिथे सापडतील तिथे दुवा. हा मार्ग गोव्यातल्या पेडणे तालुक्यात चालवून पाहावा. तिथे उगवे नावाचे गाव आहे. जुन्या कवितेत सूर्य उगवला की वाचक पेडण्यात पोचेल. मोप नावाचेही गाव आहे, आणि तिथे विमानतळ. जिथे कुठे मोप पाऊस पडेल, मोप आंबे लागतील, तिथला वाचक थेट विमानतळावर उतरेल. केरी तर गोव्यात तीन. एक तेरेखोल नदीच्या मुखाशी, एक सत्तरीत, एक फोंड्यात. विकीवर अशा वेळी निःसंदिग्धीकरणाचे पान करतात. गावकरी केरी-तेरेखोल म्हणतात आणि पुढे बोलू लागतात.

यादी पूर्ण असली म्हणजे ज्ञान पूर्ण असे नव्हे, हे यादी करणाऱ्याला सर्वांत शेवटी कळते.

तिसरा मार्ग कंसांचा. २००१ मध्येच विकिपीडियाने चौकोनी कंस स्वीकारले. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. यंत्राने ठरवायचे ते काम माणसाकडे परत आले. यंत्राने आपणहून दुवा करावा असे फार थोडे उरले. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक त्यातला एक. आकड्यांचा आकार ठरलेला असतो, त्यांची इच्छा विचारावी लागत नाही. पुढे तीही सोय मोडीत काढण्याकडे कल गेला.

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ चा मानतात. तोवर कंस रूढ झाले होते. आपल्याला ते फुकट मिळाले. मोठे अक्षर नसलेल्या लिपीवर काय गुदरले असते ते पाहण्याचा प्रसंग टळला.

कंस मात्र पुरेसे ठरत नाहीत. मराठीत नाव वाक्यात आले की बदलते. गोवा गोव्यात होतो, पेडणे पेडण्याला होते. यंत्राच्या लेखी गोवा आणि गोव्या हे दोन वेगळे शब्द आहेत. कंसात आधी मूळ नाव लिहायचे, उभी रेघ ओढायची, मग वाक्यातले रूप लिहायचे. हळर्णसारखे गावाचे नाव थोडे सोपे जाते. कंस मिटल्यावर प्रत्यय चिकटवला तरी प्रणाली तो दुव्यात ओढून घेते. पण ‘हळर्णात’ लिहिताना काना कंसाबाहेर पडतो. लिहिण्याच्या चौकटीत तो एका ठिपक्यांच्या वर्तुळाला धरून उभा असतो. अक्षराविना मात्रेला उभे राहता येत नाही, म्हणून यंत्र तिला तेवढा आधार उसना देते.

वाक्यात शिरूनही जे नाव तसेच राहते ते बहुधा परके असते.

कोणत्या शब्दाला कंस घालायचे याचे संकेत विकिपीडियाने लिहून ठेवले आहेत. वाचकाला ज्याची गरज पडेल तो शब्द जोडावा. एकाच लेखात तोच शब्द पुन्हा पुन्हा जोडू नये. सर्वांना कळणारे रोजचे शब्द सोडून द्यावेत. हे सारे शहाणपणाचे आहे. अडचण एकाच शब्दाची आहे, सर्वांना.

गोव्यातल्या गावाबद्दल लिहिताना कुळागर हा शब्द येतो. पुण्याच्या वाचकासाठी त्याला कंस हवेत. डिचोलीच्या वाचकाला ते कंस पाहून हसू येईल. डोंगराच्या पायथ्याशी पाटाच्या पाण्यावर वाढलेली पोफळींची बाग त्याच्या घरामागे आहे. तिच्याबद्दल त्याला पान उघडायचे नाही. खाजन, मानस, पेज यांचे हेच. पानावर कंस कुठे आहेत एवढे पाहिले तरी लिहिणाऱ्याने समोर कोणता वाचक धरला ते कळते. कंस कुठे नाहीत ते पाहिले की लिहिणारा कुठला ते कळते.

काही शब्दांपाशी माझाही हात थांबतो. त्यांची यादी मी केलेली नाही.

एके काळी इंग्रजी विकिपीडियावर जवळजवळ प्रत्येक तारीख दुवा होत असे. वाचकाला आपल्या सवयीप्रमाणे तारखेची मांडणी दिसावी एवढेच त्याचे निमित्त. त्यावर मोठा वाद झाला, प्रकरण २००९ मध्ये त्यांच्या लवादापर्यंत गेले, आणि तारखा पुन्हा साध्या झाल्या. सगळेच निळे झाले की डोळा कुठेच थांबत नाही. घरातल्या थोरांना हे माहीत असते. म्हणून ते क्वचित हाक मारतात.

ज्या दुव्यामागे पान नाही तो विकिपीडियावर लाल दिसतो. नवख्याला ती चूक वाटते. जाणकार तो मुद्दाम ठेवतात. इथे कोणीतरी लिहायला हवे, असे तो म्हणतो. कोणी, ते सांगत नाही. लाल दुवा म्हणजे दुसऱ्याच्या वेळेवर दिलेले वचन.

छापील कोशांनी ही वचने अधिक जोखमीने दिली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. नोंदीच्या शेवटी ‘पहा’ लिहून पुढची नोंद सांगायची, ही त्याची रीत. वर्णमालेच्या आरंभीच्या खंडातून शेवटच्या अक्षरांकडे बोट दाखवले तर वाचकाने कुठे जायचे? विसावा खंड पुरा व्हायला जवळजवळ चार दशके लागली. प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी १९९४ मध्ये गेले. वाईत बसून ज्यांनी ‘पहा’ लिहिले त्यांतल्या कित्येकांना ते पाहता आले नाही. तरी त्यांनी ते लिहिले. त्यांच्या अक्षराला लाल रंग नव्हता, एवढाच फरक.

निळा दुवाही नेहमी खरा नसतो. गावांची शेकडो पाने अशी आहेत की त्यांत गावाचे नाव बदलले तर बाकी मजकूर तसाच चालतो. पाऊस, पिके, हवामान, अंतर. दुवा उघडतो, पान असते, गाव नसते.

या साऱ्या व्यवस्थेत एक बारीक गोष्ट आहे. हळर्ण नावाच्या पानावर हळर्ण या शब्दालाच कंस घातले तर दुवा होत नाही. अक्षरे फक्त ठळक होतात. पान स्वतःकडे बोट दाखवू शकत नाही. जिथे आपण आहोत तिथे आपले नाव थोडे जाड दिसते, इतकेच.

हळर्ण पेडणे तालुक्यात आहे. शापोरा नदीच्या काठी तिथे किल्ला आहे. तो सावंतवाडीच्या भोसल्यांचा. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तो घेतला. त्याचे नाव पेद्रो मिगेल द आल्मेइदा. या विजयाबद्दल राजाने त्याला १७४८ मध्ये नवा किताब दिला, मार्केझ ऑफ आलोर्ना. पहिले अक्षर वाटेत गळले. पेडणे महाल पोर्तुगिजांच्या हाती कायमचा आला तो १७८८ मध्ये. किताब त्याआधी चाळीस वर्षे वापरात होता.

मग ते नाव आपल्या वाटेने गेले. व्हाइसरॉयची नात लिओनोर १७५० मध्ये जन्मली. आजोळच्या माणसांवर राजद्रोहाचा आरोप आला. तिची आजी फासावर न जाता तलवारीखाली गेली, आणि आठ वर्षांची लिओनोर आईबरोबर लिस्बनजवळच्या मठात कोंडली गेली. अठरा वर्षांनी ती सुटली. तोवर ती कवी झाली होती. पोर्तुगीज साहित्यात तिला आलोर्नाची मार्केझा म्हणूनच ओळखतात. तिचा भाऊ, तिसरा मार्केझ, नेपोलियनच्या फौजेत पोर्तुगीज तुकडीचा सेनापती होता. रशियाच्या मोहिमेनंतर १८१३ मध्ये तो कोनिग्सबर्गला मेला. पेडण्यातले एक खेडे अशा रीतीने बाल्टिकच्या किनाऱ्यावर पुरले गेले. पोर्तुगालमध्ये अल्मेइरिमजवळ एके काळी याच घराण्याचा असलेला मळा आहे. त्याच्या वाइनच्या बाटलीवर आजही आलोर्ना छापलेले असते.

पिणारा त्या शब्दावर थांबत नाही. त्याला कंस नाहीत.

विकिपीडियाच्या प्रत्येक पानाबरोबर एक सोय असते, ‘येथे काय जोडले आहे’. आपल्याकडे कोण कोण बोट दाखवते ते तिच्यातून कळते. ती मुद्दाम उघडावी लागते. दुवा देणारा कळवत नाही. गावे ही सोय उघडत नाहीत. हळर्णच्या माणसाला लिस्बनची कवयित्री ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि तिला हे गाव कधी दिसले नाही. ज्याच्या नावावर आपण जगलो ते पाहिलेच पाहिजे, असा नियम कुठेही नाही.

गावाकडे बोट दाखवणारे नाव आपल्याकडे किताबावाचूनही मिळते. त्याला आडनाव म्हणतात.

कोकणी विश्वकोशाचे चार खंड गोवा विद्यापीठाने काढले. २०१३ मध्ये विद्यापीठाने ते मुक्त परवान्याखाली दिले, आणि कोकणी विकिपीडिया उभा करणाऱ्यांना आयता पाया मिळाला. त्या कोशाचे एक संपादक तानाजी हळर्णकर. कोशात हळर्णची नोंद किती ओळींची हे पाहण्याआधीच गाव त्यात आलेले असते.

हळर्णात सगळेच हळर्णचे. तिथे या आडनावाने कोणी वेगळा ओळखता येत नाही. हळर्णकर व्हायला हळर्ण सोडावे लागते. लक्ष्मीकांत पार्सेकर २०१४ ते २०१७ गोव्याचे मुख्यमंत्री होते. ते हरमलचे. पार्से त्याच तालुक्यातले दुसरे गाव. आडनाव जिथे नेते तिथे माणूस भेटत नाही. कोणीतरी तिथून निघाला, एवढेच ते सांगते. निघण्याचे कारण सांगत नाही. ते बहुधा कर्ज असते, भांडण असते किंवा फौज.

बार्देश आणि सासष्टीत धर्मांतराबरोबर आडनावेही पोर्तुगीज झाली. डिचोली १७८१ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, पेडणे त्यानंतर. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. म्हणून तिथल्या आडनावांत गावे शाबूत राहिली. उशिरा हरण्याचेही काही फायदे असतात.

गायक दीनानाथांनी मंगेशी या गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. असे निवडलेले दुवे थोडे. बहुतेकांच्या वाट्याला तो जन्माआधी लागलेला येतो. मोपच्या विमानतळाला २०२२ मध्ये मनोहर पर्रीकरांचे नाव दिले, तर पाटीवर फक्त मनोहर आले. पर्रा हे गाव बाहेर राहिले. लोक तरीही मोपच म्हणतात. उतरायचे तिथेच असते.

विकीत दुवा लिहिणारा देतो आणि वाचणारा उघडतो. आडनावाचे तसे नाही. ते धारण करणाऱ्याने काहीही दाखवलेले नसताना ऐकणारा ते उघडून पाहतो. ऐकणाऱ्याला गाव नको असते. पण ‘कर’ लागलेल्या आडनावातून तेवढेच निघते. एकाच गावातून देवळाचा भट निघाला तोही हळर्णकर, आणि वेशीबाहेरचा निघाला तोही. दुवा बरोबर जागी नेतो आणि विचारणारा निराश होतो. मग तो सहज विचारल्यासारखे कुलदैवत विचारतो. त्यानेही भागले नाही तर मामांचे आडनाव. तिसऱ्या प्रश्नापर्यंत चहा येतो.

असे प्रश्न विचारणारी माणसे वाईट नसतात. त्यांना फक्त पान रिकामे सोडवत नाही. एक आडनाव मी स्वतःही असेच उलगडून पाहिले होते. जे हवे होते ते मिळाले, आणि त्या माणसाबद्दल मला आणखी काही विचारण्याची गरज वाटेनाशी झाली.

काहींनी आडनाव गाळले. स्वतःचे नाव, पुढे आईचे, पुढे वडिलांचे, आणि तिथे थांबायचे. काही विकींत शब्दाआधी उद्गारचिन्ह टाकतात त्याचेच हे मराठी रूप. व्यासपीठावर ते चालते, पुस्तकावर चालते. निवेदक नाव वाचून क्षणभर घुटमळतो, कारण त्याचा हात सवयीने शेवटच्या शब्दाकडे गेलेला असतो.

दाखला ऑनलाइन काढायचा असतो तेव्हा आडनावाचा रकाना वेगळा असतो. त्याच्यापुढे लाल तारा असतो. काहींनी तिथे वडिलांचे नाव पुन्हा लिहिले आहे, काहींनी नुसते टिंब दिले आहे. रकाना मोकळा ठेवला तर पुढचे पान उघडत नाही.